एका माणसाचं यंत्र

सेतुरामरावांना कुणी तीनदा विचारल्याशिवाय काही घेता येत नसे. पहिल्यांदा विचारलं की "नको." दुसऱ्यांदा विचारलं की "खरंच नको हो." तिसऱ्यांदा विचारलं की मान किंचित तिरकी करून, "बरं, तुमचा आग्रहच असेल तर." कॉफी असो, पानावरची दुसरी पोळी असो की आगगाडीतली खिडकीजवळची जागा असो, नियम तोच. त्यांचे वडील सांगत की आपल्या लोकांत ही रीत तंजावरच्या राजवाड्यातून आली. राजे गेले, तनखे गेले, कुंभकोणच्या गल्ल्यांतून मराठी घरं मोजकी उरली, पण नको म्हणायची ऐट काही गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा पीळ.

आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात ते सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर होते. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. तिथली तमिळ मंडळी मोकळ्या स्वभावाची. "सार, कॉफी?" असं एकदा विचारायची आणि यांनी नको म्हटलं की आपापला पेला उचलायची. सत्तावीस वर्षांत सेतुरामरावांनी तिथे दुपारची कॉफी घेतली असेल ती तीन-चार वेळा, तीही नव्याने आलेल्या कुणा भोळ्या माणसाने चुकून तीनदा विचारली म्हणून. याचा त्यांना राग नव्हता. लोकांना रीत माहीत नाही, एवढंच ते म्हणत.

घरी मात्र अंबाबाई होत्या, आणि त्या नवऱ्याला पुरत्या ओळखून होत्या. वाढायला आल्या की एका दमात "वाढूं? वाढूं? वाढितेंच," असं म्हणून पोळी पानात टाकून मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे या माणसाला संसारात कधी काही कमी पडलं नाही. बावन्न साली अंबाबाई पाच दिवसांच्या तापाने गेल्या आणि कुंभकोणच्या मेलकावेरी भागातल्या त्यांच्या घरात तीनदा विचारणारं कुणी उरलं नाही.

मुलगी एकच, विजयलक्ष्मी. ती बंगळुरास दिलेली. जावई व्यंकटेश तारखात्यात, अगदी सरळ माणूस. त्याच्या घरात हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. बारा वर्षं तिथे नांदून विजयाही तशीच झालेली. आईचा तेरावा झाला त्या दिवशी ती म्हणाली, "अप्पा, इथें एकटे काय करितां? चला आमच्यासंगें. मागची खोली मोकळीच आहे."

"नको," सेतुरामराव म्हणाले.

विजयाने डोळे पुसले आणि सामान बांधायला घेतलं. पोर दुःखात आहे, तिला सुचत नाही, पुन्हा विचारील, असं म्हणून सेतुरामरावांनी मनाची समजूत घातली. तिला टांग्यात बसवून ते घरात आले आणि बंगळुरास थंडी फार असते म्हणून पेटीतली लोकरी बंडी काढून उन्हात घातली. तीन वर्षं ती बंडी दर चार महिन्यांनी ऊन खात होती.

जायचं त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, यात काही लपवण्यासारखं नाही. एकट्याचा भात शिजवायचा तर घरातलं सगळ्यांत लहान पातेलंही मोठं पडत होतं. दूधवालीशी तमिळ, भाजीवाल्याशी तमिळ, देवळातल्या गुरुजींशी तमिळ. घरात मराठी बोलायला दुसरं तोंड नव्हतं. आठवडाभराने एखादा मराठी शब्द चुकून तोंडातून निघाला तर तो त्यांचा त्यांनाच परका वाटायचा. संध्याकाळी दिवा लावला की आता झोपेपर्यंत काय करायचं हा प्रश्न रोज नव्याने पडत असे.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर पोरीला सरळ सांगायचं. म्हणणाऱ्याचं काय जातं? आग्रहाच्या घरात वाढलेल्या माणसाने न बोलावता पानावर जाऊन बसायचं म्हणजे जन्माची लाज. मुलीच्या घरी राहायला जायचं, तेही जावयाच्या भाकरीवर, आणि तेही स्वतः मागून? सेतुरामरावांना ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण तिने तिसऱ्यांदा विचारलं असतं तर सगळं रीतीत बसत होतं. त्यांना पाहिजे होता तो एवढाच, आणखी थोडा आग्रह.

पंचावन्न सालच्या कार्तिकात वादळ झालं. एका दिवसात सगळ्या तंजावर जिल्ह्याची झाडं आडवी झाली. कावेरीच्या काठाला सेतुरामरावांचा एक छोटा तोप्पू होता, म्हणजे नारळ-फणसाची बाग. त्यातले अकरा माड, दोन फणस आणि तीन जुन्या चिंचा पडल्या. बातमी कळताच विजयाचं पत्र आलं. "बाग गेली, आतां तिथें काय राहिलें? तुम्ही इकडेच या." हे दुसऱ्यांदा विचारणं. सेतुरामरावांनी ते पत्र पाच वेळा वाचलं आणि रीतीप्रमाणे उत्तर धाडलं, "तोप्पू साफ झाल्याविना निघणें नाहीं."

त्यांच्या हिशेबी याचा अर्थ उघड होता. तोप्पू साफ झाला की मग विचार, मी येतो. कुणाही मराठी म्हाताऱ्याला हे कळलं असतं. बंगळुरात ते कार्ड तारखात्यातल्या माणसाने वाचलं आणि तो बायकोला म्हणाला, त्यांचा जीव बागेत आहे, त्यांना त्रास देऊ नको.

तर तोप्पू साफ करायला हवा होता, तोही लवकर. लाकूडतोड्या महालिंग ओळखीचा होता. तो आणि त्याचा भाऊ मिळून दोघांनी ओढायची करवत चालवायचे. पण वादळाने त्यांना सोन्याचे दिवस आले होते. मोठमोठ्या मिराशदारांच्या बागा पडलेल्या, तिथे सेतुरामरावांच्या सोळा झाडांना कोण विचारतो? महालिंग हात जोडून म्हणाला, "सामी, एक वर्ष तरी थांबा." वर्ष कशाला थांबायचं? इकडे थांबून थांबून माणूस वाळून चालला होता.

मग एकदा वर्तमानपत्रात त्यांना पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची जाहिरात दिसली. सत्तावीस वर्षं या माणसाने सरकारी कोठारातून नांगर, फवारे, पंप, कानशी बाहेर दिल्या होत्या. प्रत्येक वस्तूचं माहितीपुस्तक तोंडपाठ, पण स्वतः एकही यंत्र चालवलेलं नाही. दुसऱ्याच्या लग्नात अक्षता टाकणाऱ्यासारखं. त्यांनी मद्रासच्या तीन कंपन्यांना पत्रं लिहून पुस्तकं मागवली आणि महिनाभर त्यांत बुडून गेले. संध्याकाळचा प्रश्न तात्पुरता सुटला.

पहिलं यंत्र अमेरिकन, जंगी. त्याच्या पात्याच्या दुसऱ्या टोकालाही मूठ होती, कारण ते दोघांनी धरायचं. पुस्तकात दोन गोरे हसतमुखाने दोन्ही टोकांना उभे होते. सेतुरामराव त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. दुसरं विजेवर चालणारं, स्वस्त, हलकं. पण तोप्पूत वीज कुठली? तिसरं निलगिरीतल्या कुणा चहामळ्यातून आलेलं जुनं. ते त्यांनी पुस्तकावरूनच नाकारलं. सरकारी कोठारात आयुष्य काढलेला माणूस दुसऱ्याने वापरलेली साखळी घेत नाही. चौथं जर्मन. वीस इंची पातं, वजन अठ्ठावीस रत्तल, आणि वर एकच मूठ.

अठ्ठावीस रत्तल कागदावर हलके वाटतात, म्हणून साठीचे सेतुरामराव गाडीत बसून मद्रासला गेले. दुकानदाराने यंत्र काढून टेबलावर ठेवलं. यांनी उपरणं कमरेला बांधलं, यंत्र दोन्ही हातांनी उचलून छातीसमोर धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दहा मिनिटं उभे राहिले. घाम आला, दंड थरथरले, पण त्यांनी खाली ठेवलं नाही. दुकानातली माणसं तोंड फिरवून हसत होती. मग त्यांनी विचारलेले प्रश्न ऐकून हसणं थांबलं. साखळी ढिली पडली तर ताणायचा स्क्रू कुठे आहे? पात्याला तेल आपोआप जातं की अंगठ्याने पंप दाबावा लागतो? आडवं धरून कापताना इंजिन बंद पडतं का? जादा प्लग आणि कानस बरोबर मिळते ना?

"चालवणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"मीच."

"आणि बरोबर?"

"बरोबर कोणी नाहीं."

दुकानदाराने माहितीपुस्तकातलं एक पान काढून दाखवलं. त्यावर जाड अक्षरात छापलं होतं की हे यंत्र एकट्याने चालवू नये, हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस असावा. सेतुरामरावांनी ते पान नीट वाचलं, कोपरा दुमडला आणि पैसे मोजले.

यंत्र आगगाडीने कुंभकोणला आलं तेव्हा तमिळ लोकांचा आडी महिना चालू होता, आणि आडीत तिकडे कुणी नवं काम सुरू करत नाही. महिनाभर ते गोणपाटात गुंडाळून माजघरात राहिलं. सेतुरामराव रोज गोणपाट उघडून एकेक भाग पुस्तकाशी ताडून पाहत. घरात कुणीतरी आलेलं आहे असं त्यांना वाटू लागलं. एकदा तर ते यंत्रालाच "थांब, तुझेंच बघतों," असं बोलून गेले आणि ओशाळून इकडेतिकडे पाहू लागले. पाहायला अर्थातच कुणी नव्हतं.

आडी संपून आवणी महिना लागला, त्यातल्या पहिल्या चांगल्या दिवशी त्यांनी बसथांब्याजवळच्या पंपावरून डबाभर पेट्रोल आणलं. सोळा मापं पेट्रोलला एक माप तेल, असं मोजून हलवून टाकीत भरलं. यंत्र तोप्पूतल्या सपाट जमिनीवर ठेवलं, मुठीवर पाय रोवला, हवा अडवणारा चोक ओढला आणि दोरीला झटका दिला. यंत्र नुसतं घुर्र झालं. दुसरा झटका, तिसरा, दहावा. पुस्तकात लिहिलं होतं की इंजिनाने एकदा खोकल्यासारखा आवाज केला की लगेच चोक उघडावा. यांनी तो खोकला चौथ्या झटक्यालाच ऐकला होता, पण आणखी एकदोनदा विचारू दे, मग उघडू, असं म्हणत चोक तसाच ठेवला. तीनशिवाय यांचं पान हलत नाही, त्याला यंत्र काय करणार? पंचविसाव्या झटक्याला सगळीकडे पेट्रोलचा वास सुटला. प्लग काढून पाहिला तर ओलाचिंब. इंजिन पेट्रोल पिऊन तुंबलं होतं.

खांदा धरून ते घरी आले. रात्री हात वर जाईना, म्हणून पेजेवर भागवलं. आज अंबाबाई असती तर तेल चोळताना चार शब्द बोलली असती, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी प्लग पुसून, उन्हात वाळवून पुन्हा बसवला. चोक ओढून तीन झटके. खोकला आला. त्यांनी मन घट्ट करून चोक तिथल्या तिथे उघडला आणि चौथा झटका दिला. यंत्र असं गर्जलं की माडांवरचे कावळे पार नदीपलीकडे गेले. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. सेतुरामरावांनी ते उचललं, पडलेल्या माडाला लावलं आणि पांढरा भुसा पायांवर उडवत साखळी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. एक तुकडा धप्पकन पडला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि "पाहिलेंस?" म्हणत मागे वळले.

मागे कुणी नव्हतं. तुकड्याजवळ थोडा वेळ बसून ते घरी आले आणि त्यांनी विजयाला कार्ड लिहिलं. यंत्र सुरू झालं, नवरात्रापर्यंत तोप्पू साफ होईल. "साफ होईल" या दोन शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली. उत्तर आठ दिवसांत आलं. "आम्ही खंडेनवमीस येतों. यांस तें यंत्र पाहावयाचें आहे." सेतुरामरावांनी बंडी पुन्हा उन्हात टाकली.

पुढच्या सहा आठवड्यांत त्यांनी कामाचा धडाका लावला. माड झाले, फणस झाले, दोन चिंचा झाल्या. चिंचेचं लाकूड म्हणजे लोखंड. साखळीचे दात बोथट होत. यंत्राबरोबरची कानस झिजली आणि तशी बारीक गोल कानस कुंभकोणात मिळेना, तेव्हा ते बसने स्वामीमलैला गेले आणि पितळी मूर्ती घासणाऱ्या एका कारागिराकडून त्याची कानस घेऊन आले. कारागीर एकदाच म्हणाला, "घेऊन जा," आणि यांनी पहिल्याच शब्दाला घेतली. इतकी घाई त्यांनी जन्मात केली नव्हती.

तिसरी चिंच, सगळ्यांत मोठी, त्यांनी मुद्दाम ठेवली. ती मुलीच्या देखत कापायची. कापली की तोप्पू साफ, सबब संपली, आणि मग तिला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. इतका सोपा बेत होता. मनातल्या मनात त्यांनी मान तिरकी करून "बरं, तुझा आग्रहच असेल तर," असं म्हणूनही पाहिलं.

खंडेनवमीच्या सकाळी विजया आणि व्यंकटेश आले. विजयाने अंघोळ केली, आईची काठाची साडी नेसली आणि घरातली हत्यारं अंगणात पाटावर मांडली. कोयता, कुदळ, खवणी, अडकित्ता, आणि मधोमध यंत्र. चार वर्षं या घरात हत्यारांची पूजा झाली नव्हती. सुवासिनीचा हातच नव्हता. तिने चंदन चांगलं घट्ट उगाळलं आणि एकेकाला गंध-कुंकू लावत गेली. यंत्राशी आल्यावर जरा थबकली.

"याचें कपाळ कोणतें, अप्पा?"

"तुला दिसेल तें," सेतुरामराव हसून म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

यंत्राच्या माथ्यावर टाकीचं वाटोळं झाकण होतं. तिने त्यावर रुपयाएवढा गंधाचा टिळा लावला आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं. फुलं वाहिली, नारळ फोडला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून यंत्र रात्रभर तसंच पाटावर बसून राहिलं. घरात मराठी बोलण्याचा गलबला, उडदाच्या पिठाच्या डांगर पच्चडीचा वास, न्हाणीघरात बादलीचा आवाज. सेतुरामराव रात्री अंथरुणावर पडून नुसते ऐकत होते.

दसऱ्याला सकाळी तिघंही तोप्पूत गेले. टाकी अष्टमीलाच भरून ठेवलेली होती. सेतुरामरावांनी चोक ओढला, तीन झटके, चोक उघडला, चौथा झटका, यंत्र गर्जलं. व्यंकटेशने टाळी वाजवली. पण चिंचेत वीतभर पातं गेलं न गेलं तोच इंजिन अडखळलं, धापा टाकू लागलं आणि मेलं. पुन्हा ओढलं, मिनिटभर चाललं, पुन्हा मेलं. तिसऱ्यांदाही तेच. प्लग काढून पाहिला, ठिणगी लखलखीत. यंत्र हलवून पाहिलं, पेट्रोल भरपूर. व्यंकटेश घड्याळाकडे पाहू लागला. सेतुरामरावांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, आणि दोरी ओढताना त्यांचा उजवा खांदा वाकडा होत होता. विजयाला ते पाहवेना. ती पुढे आली आणि तिने बापाच्या दंडाला धरलं.

"अप्पा, पुरे झालें. सोडा हें सगळें. चला आमच्यासंगें. ती खोली तुमचीच आहे."

हेच ते तिसऱ्यांदा विचारणं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन दंडाला धरून उभं होतं.

आणि नेमकं त्याच क्षणी सेतुरामरावांच्या बोटांखाली टाकीचं झाकण फिरलं होतं, आणि आत हवा जाताना सुंई असा बारीक आवाज झाला होता. त्यांना लख्खकन सगळं कळलं. झाकणाच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत जायला हवी. ती गेली नाही की पेट्रोल अडतं आणि इंजिन गुदमरतं. रात्रभर वाळून दगड झालेलं गंध त्या भोकात बसलं होतं. मुलीने कपाळ म्हणून जिथे टिळा लावला ते यंत्राचं नाक होतं.

"बरं" एवढंच म्हणायचं होतं. पण सत्तावीस वर्षं कोठार सांभाळलेल्या माणसाला यंत्राचा दोष सापडला असताना ते तसंच टाकून जाता येईना. शिवाय असं हरून, हात टेकून मुलीच्या घरी जायचं? एक चिंच कापायची, काम पुरं करायचं आणि मग ताठ मानेने हो म्हणायचं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता.

"थांब जरा," ते म्हणाले, "एवढें होऊं दे."

त्यांनी खराट्याची हीर मोडून भोकातलं गंध टोकरून काढलं, झाकण बसवलं आणि दोरी ओढली. यंत्र सुरू झालं ते पुन्हा बंद पडलं नाही. सेतुरामराव त्या दिवशी असं काही कापत होते की तिशीतला गडी मागे पडावा. पातं वरून घातलं, मग खोड चिमटायला लागलं तेव्हा खालून घातलं, अंगठ्याने तेल सोडत गेले, भुशाने दाढी-मिशा लाल झाल्या. चिंचेचे सहा तुकडे झाले. शेवटचा तुकडा गडगडत गेला तसं त्यांनी इंजिन बंद केलं, यंत्र खाली ठेवलं आणि छाती भरून श्वास घेतला. मान किंचित तिरकी करून ते मुलीकडे वळले.

विजया रडत होती आणि हसतही होती. चार वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"अप्पा, तुम्हांला आतां कोणाची गरज नाहीं," ती म्हणाली. "मी वेडी, उगाच काळजी करीत होतें. तुमचें मन इथें आहे, हात चालतात. आतां पुन्हां कधीं तुम्हांला चला म्हणून छळणार नाहीं. शपथ."

काहीतरी बोलायला हवं होतं, पण रीतीत बसणारा एकही शब्द सेतुरामरावांना सापडेना. तिने तर प्रेमानेच शपथ घेतली होती. व्यंकटेश यंत्राभोवती फिरून सासऱ्यांना म्हणाला, "शाबास मामा. साठीला हें जमतें तर आणखी वीस वर्षें बघायला नको."

ती दोघं आणखी दोन दिवस होती. सेतुरामराव त्या दोन दिवसांत तिच्या मागे मागे राहिले. एकदा म्हणाले, बंगळुरास आतां थंडी पडली असेल. ती म्हणाली, होय फार, तुम्हांला इथेंच बरें. एकदा म्हणाले, तोप्पू आतां साफ झाला. ती म्हणाली, किती छान दिसतो. जेवताना पोळीचा आग्रह मात्र तिने तीन-तीनदा केला, आणि त्यांनी मान तिरकी करून ती घेतली.

दुपारच्या तिरुचीच्या गाडीने ती निघाली. डब्याच्या खिडकीतून ती म्हणाली, "यांच्या आई म्हैसुरास एकट्या असतात. तुमच्यासाठीं म्हणून ती खोली इतकीं वर्षें तशीच ठेविली होती. आतां त्यांना बोलावून घेतों."

"बरें केलेंत," सेतुरामराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते यंत्र घेऊन तोप्पूत गेले. सगळं कापून झालं होतं, पण चिंचेचे तुकडे चुलीजोगे लहान करायचे होते, असं त्यांनी ठरवलं. दोरी ओढली. यंत्र पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि त्याच्या आवाजात नदी, कावळे, रस्ता, सगळं बुडालं. सेतुरामराव पातं लाकडावर टेकवून उभे राहिले. मग त्या गर्जनेखाली त्यांनी मोठ्याने, आयुष्यात कधी मागितलं नव्हतं तसं मागून पाहिलं. "विजये, मला ने. मला इथें करमत नाहीं. मी येतों, मला ने." एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंतही पोचत नव्हता, त्यामुळे लाज वाटत नव्हती.

बांधावरून महालिंग करवत खांद्यावर टाकून चालला होता. यंत्र पाहायला तो थांबला. सेतुरामरावांचे ओठ हलताना त्याने पाहिले. इंजिन बंद झाल्यावर त्याने बांधावरूनच हाक मारली, "सामी, कुणाशी बोलत होता?"

"इथें बोलायला आहे कोण?" सेतुरामराव त्याला तमिळमध्ये म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा दोरी ओढली.